कोंबड्याचा घसा बसला

माझं माहेर कुडाळच्या बाजूला, आत. भात, काजू आणि चार आंब्याची झाडं. आमच्याकडचे पुरुष दिवसभरात मोजकं बोलत, आणि त्यातलं निम्मं बैलांशी. लग्न होऊन मी बंदराच्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं, की या घरात बोलण्याचं सगळं काम एकाच माणसाने अंगावर घेतलंय. तो माणूस म्हणजे आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती, आणि आता या वयात ती मोडावी असंही वाटत नाही.

हे सहा वर्षं मुंबईला एका छापखान्यात खिळे जुळवत होते. सुट्टीच्या दिवशी मैदानांवर जाऊन भाषणं ऐकायची, एवढा एकच शौक. तिकडून परत आले ते एक ट्रंक, हवा भरायचा पंप आणि पाच-सहा जुन्या सायकली घेऊन. बंदराच्या रस्त्यावर सायकली भाड्याने द्यायचं दुकान टाकलं. पंक्चर काढायला आलेल्या माणसाला पंक्चर निघेपर्यंत देशाची स्थिती ऐकावी लागे, आणि बोलण्याच्या भरात यांचा हात थांबे. घाईतली माणसं सायकल खांद्यावर मारून दुसरीकडे नेत.

आमच्या वाडीत होडीवाले, बंदरावरचे हमाल, मासे विकणाऱ्या बायका आणि काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका अशी सगळी हातावर पोट असलेली माणसं. पाण्याचे हाल होते. विहिरीला आमच्याकडे बाव म्हणतात. वाडीतल्या बावीचं पाणी मचूळ. गोड्या पाण्याची बाव देवळापलीकडे, वर चढावर. नगरपालिकेचा नळ बाजारापर्यंत आला होता आणि तिथेच दमून बसला होता. वाडीतून पालिकेवर निवडून गेलेला सभासद होता, एकदा नव्हे, सलग तीनदा. पण त्याने त्या सभागृहात कधी तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तो सभासद म्हणजे आमचे डॉक्टर.

आता डॉक्टरांविरुद्ध बोलायचं तरी काय? साठीच्या पुढचा, बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. गरिबाकडून फी म्हणून कधी अर्धा डझन अंडी, कधी ओंजळभर सुकट घेई, कधी तेही नाही. वाडीतली निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मली होती. व्यापाऱ्यांनी एकदा त्यांना आग्रहाने निवडणुकीला उभं केलं, लोकांनी मतं दिली, आणि मग दर वेळी तेच. लोकांना वाटे, मत म्हणजे डॉक्टरांच्या उपकाराची फेड. नळाचा आणि मताचा काही संबंध असतो हे कुणाच्या मनातच येत नसे.

ते यांच्या मनात आलं. एक दिवस जेवताना म्हणाले, "मी उभो रवतंय."

"खंय?"

"पालिकेक. डाक्तरांच्या विरोधात."

माझ्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. मी म्हटलं, "गेल्या म्हयन्यात तुमचो ताप कोणी काढलो?"

"ता वेगळा, ह्या वेगळा," हे म्हणाले. आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच बोलत होते. पण हे वेगळेपण वाडीला पटवायचं कसं, याचा पत्ता ना त्यांना होता ना मला.

त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे आणि पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र. यांना सायकल हवी होती, ती मिळाली नाही. मिळाला कोंबडा. डॉक्टरांना कंदील. यांना आधी वाईट वाटलं, पण दोन दिवसांत त्यातूनही भाषण काढलं: "कोंबडा आरवल्याशिवाय गरिबाची पहाट होणार नाही!" शेजारचा सुतार यांचा पहिला आणि बरेच दिवस एकुलता एक कार्यकर्ता. त्याने पत्र्याचा भोंगा करून दिला. तो तोंडाला लावून हे सायकलवरून वाडीभर फिरू लागले.

पहिली सभा बंदरावर झाली. बोट यायला वेळ होता, हमाल आणि होडीवाले रिकामे बसले होते. मी चार बायकांबरोबर लांब उभी होते. हे छान बोलले. नळ आणतो म्हणाले, धक्क्यावर छप्पर घालतो म्हणाले, दिव्याचे खांब, वाडीपर्यंत रस्ता, सगळं आणतो म्हणाले. माणसं टाळ्या वाजवत होती, हसत होती. मला वाटलं, झालं, जिंकले. तेवढ्यात सगळ्यात म्हातारा हमाल उठला. त्याच्या डोक्यावर ओझ्याचा घट्टा पडला होता. तो अगदी मायेने म्हणाला, "भाषाण बरा झाला हां. पण माझ्या झिलाक टायफाईड झालो, तेव्हा तू खंय होतंस?"

"मी मुंबयत होतंय," हे म्हणाले.

"डाक्तर हय होते," मुलाचा तो म्हातारा बाप म्हणाला, आणि खाली बसला. एवढंच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बोट दिसली तशी सगळी उठून कामाला लागली.

यांनी त्यातून चुकीचा धडा घेतला. त्यांना वाटलं, डॉक्टरांवर जोरात तुटून पडायला हवं. पुढची सभा मासळीबाजाराच्या तोंडाशी. मुंबईच्या मैदानावर ऐकलेलं एक वाक्य त्यांनी भोंग्यातून फेकलं, "गरिबांचं रक्त शोषणाऱ्यांना खाली खेचा!" पाटी पुढ्यात घेऊन बसलेली एक कोळीण ताडकन उठली. "रगत? माझ्या आंगात रगत नाय म्हणान तेंनीच माका बाटली दिल्यानी! शोषतत कसले?" सगळा बाजार हसला. हेही हसले असते तर बरं झालं असतं; पण ते लाल झाले आणि आणखी मोठ्याने बोलू लागले.

घरी आल्यावर मी म्हटलं, "तुमी एक करा. डाक्तरांका नावां ठेवू नकात. लोक उलटे तुमका नावां ठेवतत."

"मगे मी बोलू काय?"

दुसरं काही सुचेपर्यंत हे रोज ओरडतच राहिले. सकाळी होडीवाले, दुपारी हमाल, संध्याकाळी बाजार. लोक ऐकत. भाषण संपलं की कुणी शहाळं देई, कुणी विडी. मत विचारलं की मात्र मान खाली. एकाने तर यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तू भाषाण करीत रव. मत डाक्तरांका, पण भाषाण तुझाच ऐकतलव."

मतदानाला आठ दिवस राहिले आणि सकाळी उठून हे मला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा. पुन्हा प्रयत्न केला. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज निघाला. घाबरले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना बोलण्यावाचून पाहत होते. गरम पाणी दिलं, हळद दिली, गुळण्या झाल्या. काही नाही. वाडीत डॉक्टर एकच.

यांनी मान जोरजोरात हलवून नकार दिला. मी पदर खोचला आणि म्हटलं, "चला."

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. आम्हांला बघून एक म्हातारी फिसकन हसली आणि तोंडावर पदर धरला. आत गेल्यावर डॉक्टरांनी यांना खुर्चीवर बसवलं. डॉक्टर बोलायचे शुद्ध, पण हळू. "आ कर." चमचा घातला, बॅटरी मारली, बराच वेळ पाहिलं. "किती दिवस ओरडतोयस?" यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग परत एका हाताची. डॉक्टरांनी चमचा पुसला.

"चार दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुजल्याने घसा जास्त ताणला जातो. ऐकलं नाहीस तर हा आवाज कायमचा गेला असं समज." मग माझ्याकडे वळून विचारलं, "मतदान कधी आहे?"

"आठ दिवसांनी," मी म्हटलं.

ते स्वतःशीच हसले. "म्हणजे मी मुद्दाम सांगतोय असंच वाटणार. हे बघ, तसं वाटत असेल तर कुडाळच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो. त्यांना दाखवून ये. तेही हेच सांगतील."

यांनी चिठ्ठी घेतली नाही. वाकून नमस्कार केला आणि बाहेर आले.

बाहेर सुतार वाट पाहत उभा. त्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "डाव आसा ह्यो! वैऱ्याच्या हातचा औषध कोण घेता?"

मी म्हटलं, "तुका ताप येता तेव्हा तू कोणाकडे जातंस?"

सुताराने जरा विचार केला. "डाक्तरांकडे," तो म्हणाला, आणि विषय मिटला.

दुपारपर्यंत वाडीभर झालं. नाक्यावर लोक विचारत, "कोंबडो आरवणा नाय, मगे उजाडतला कसा?" हे दुकानात बसून सायकलची चाकं फिरवत होते. संध्याकाळी त्यांनी घरातली पाटी घेतली, तिच्यावर लिहून माझ्यापुढे धरलं: 'उद्या काजूच्या कारखान्यावर सभा. तू वाचून दाखव.'

मी नको म्हटलं. मी सातवी शिकलेली, चारचौघांत कधी उभी राहिलेली नव्हे. पण त्यांचे डोळे बघवेनात. आणि कारखान्यात बायकाच होत्या, त्यातल्या कितीतरी रोज बावीवर भेटणाऱ्या. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही गेलो. हे पुढे, हातात पाटी; मी मागे.

कारखान्याच्या भिंतीच्या सावलीत बायका भाकरी खात बसल्या होत्या. काजूच्या टरफलाचं तेल अंगाला लागलं तर कातडी जळते, म्हणून हाताला राख चोळून त्या काम करत. जेवताना हात धुतले तरी बोटं काळीच. त्यांच्यातली सगळ्यात जुनी कामकरीण, जिला सगळ्या थोरली म्हणत, मला बघताच म्हणाली, "काय गो, घोवाक मुको केलंस?"

"मी नाय. डाक्तरांनी केलो."

सगळ्या खो खो हसल्या. यांनी पाटी उचलून माझ्या हातात दिली. मी घसा खाकरून वाचलं, "कष्टकरी भगिनींनो, आज आपल्यापुढे जो प्रश्न उभा आहे..."

"ता वाचू नको," थोरली म्हणाली. "ता आमी भोंग्यातसून आयकला. तू सांग. तुका काय व्हया?"

मी गोंधळले. यांच्याकडे पाहिलं, ते काही बोलू शकत नव्हते. मग जे तोंडात आलं ते बोलले. "माका पाणी व्हया. माझो हांडोय त्याच बावीर जाता. चढावार दोनदा पडलंय."

"मी पण पडलंय," एक जण म्हणाली. दुसरी म्हणाली, तिच्या सासूचा पाय तिथेच मोडला. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या, आणि यांना मधे बोलता येत नसल्यामुळे कुणीच त्यांना थांबवलं नाही. त्यांनी दगड शोधला, बसले, आणि ऐकत राहिले. बावीवरून बोलणं कामावर गेलं, कामावरून आजारपणावर. थोरलीने कोपरापर्यंत बाही वर केली. हातावर तळव्याएवढा डाग होता.

"ह्या बघ. गेल्या उन्हाळ्यात ऊन तेल उडाला. धावत डाक्तरांकडे गेलंय. दार बंद! मंगळवार होतो. डाक्तर पालिकेच्या मीटिंगीक. तिनसांज होयसर पायरेर बसलंय."

"माझ्या चेडवाक फेफरा इला तोय मंगळवारच," पलीकडची आपल्या मुलीचं सांगू लागली. "डाक्तर गावाक नाय."

असे तीन-चार मंगळवार निघाले. बोलता बोलता थोरलीने मला विचारलं, "मीटिंगीत ते करतत काय?"

"काय नाय," मी म्हटलं. "गप बसतत."

हे दगडावरून उठले. पाटी पुसली, भराभर लिहिलं आणि मला दाखवलं. मी मोठ्याने वाचलं, "मंगळवारी डॉक्टर कुठे हवेत?"

"खंय म्हणजे? दवाखान्यात!"

"मगे मीटिंगीक कोण जातलो?" हा प्रश्न पाटीवर नव्हता. तो माझाच होता.

थोरलीने यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्येका जावंदे," ती म्हणाली. "ह्येच्याकडे कोण आजारी येता? सायकली तेवढे पंचर होतत."

बायकांना हसू आवरेना. एकीला ठसका लागला, तिच्या पाठीवर दुसरी थापट्या मारू लागली. कुठून तरी मागून आवाज आला, "डाक्तर दवाखान्यात, कोंबडो पालिकेत!" आणि तो सगळ्यांनी उचलला. कारखान्याचा मुकादम बाहेर येऊन बघू लागला तरी चाललंच होतं.

मी आनंदात होते, हे नव्हते. परतीच्या वाटेवर त्यांनी माडाखाली थांबून पाटीवर लिहिलं: 'माझी लायकी एवढीच? रिकामा माणूस म्हणून?'

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं भाषणं पाठ केलेला माणूस, आणि लोकांनी त्याच्यात काय पाहिलं, तर मंगळवारी मोकळा असतो हे. पण मी शेतकऱ्याची मुलगी. जे उगवतं ते घ्यायचं, हे आम्हांला ठाऊक. म्हटलं, "तेंका रिकामोच माणूस व्हयो आसा. तुमी होय म्हणा. थय गेल्यार मगे बोला काय बोलूचा ता."

त्यांनी लिहिलेलं बाहीने पुसून टाकलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी घरोघर फिरले. हे मागे उभे राहत, हात जोडून हसत. मला वाटतं, लोकांना हे असे गप्प असलेले आवडू लागले होते. डॉक्टरांना नावं ठेवायची गरजच उरली नव्हती. उलट मी म्हणे, डॉक्टरांसारखा माणूस नाही, म्हणूनच तो खुर्चीत कशाला वाया घालवायचा? होडीवाल्यांच्या बायकांना ते लगेच पटलं. होडीवाल्यांना बायकांनी पटवलं. व्यापाऱ्यांची मंडळी घाबरून डॉक्टरांकडे गेली, की तुम्ही मंगळवारीही दवाखाना उघडा ठेवतो असं जाहीर करून टाका. डॉक्टर म्हणाले, "मग मीटिंगला कोण जाईल?" हे मला पुढे त्यांच्या पत्नीनेच सांगितलं.

चौथ्या दिवशी मी यांना परत दाखवायला नेलं. चमचा, बॅटरी, आ. "आता म्हण, काहीतरी." यांनी जपून म्हटलं, "डाक्तर." आवाज आला, जरा जाडसर, पण आला. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"छान. पण भाषण थोडं कर," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "आणि तुझी ती घोषणा मी ऐकली. बारा वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं."

आम्ही दोघंही ओशाळलो. यांनी त्यांच्या पायाला हात लावला, तो त्यांनी लावू दिला नाही.

शेवटच्या सभेत हे पाच वाक्यं बोलले. मी मोजली. नळाची तीन, मंगळवारचं एक, आणि नमस्काराचं एक. लोक आणखी होईल म्हणून थांबले होते, आणि हे खाली उतरले तसे जरा हिरमुसले.

मतदान शाळेत. गोणपाटाचा पडदा लावून त्यामागे दोन पेट्या ठेवल्या होत्या, एकीवर कोंबडा, एकीवर कंदील. एकेक जण चिठ्ठी घेऊन आत जाई. काजूच्या बायका रांगेने आल्या, ठेवणीतली लुगडी नेसून, डोक्यात अबोली माळून. थोरली आत गेली ती लवकर बाहेरच येईना. मला धाकधूक. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले. बाजूला घेऊन तिने सांगितलं, "चिटी कोंबड्याक घातलंय. मगे कंदिलाच्या पेटयेक हात जोडलंय. म्हटलंय, डाक्तरांनू, रागाव नकात."

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. हे एकोणीस मतांनी आले.

सुताराने तो भोंगा इतका वाजवला की शेवटी त्याच्या हातातून काढून घ्यावा लागला. हे मला शोधत स्वयंपाकघरात आले आणि माझ्यासमोर नुसते उभे राहिले. दारात माणसं यायला लागली तशी मी साखर वाटली. त्यांच्यात तो म्हातारा हमालही होता. साखर घेण्याआधी तो यांना म्हणाला, "मी कंदिलाकच घातलंय हां. उगाच तुका फसवूक नको."

"घेवा," हे म्हणाले. "तुमी खरा सांगलास." आणि त्याच्या हातावर दुप्पट साखर ठेवली.

पहिला मंगळवार आला. यांनी इस्त्रीचा सदरा घातला, नळाचा अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि तीनच्या मीटिंगला अडीचलाच गेले. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते, तर थोरली आणि आणखी दोघी तरातरा येताना दिसल्या. एकीने कानावर फडकं धरलं होतं.

"वयनी, दवाखानो बंद!"

"बंद? आज? मीटिंग तर आमच्यांची..."

"ताच विचारतंय! तुमी सांगलास डाक्तर दवाखान्यात. खंय आसत?"

मी त्यांच्याबरोबर धावले. दाराला कुलूप. मागच्या दारी डॉक्टरांच्या पत्नी होत्या. त्या म्हणाल्या, "ते गरी घेऊन धक्क्यावर गेलेत." गरी म्हणजे मासे धरायचा गळ.

आम्ही धक्क्याकडे निघालो तोच समोरून हे आले. चेहरा पडलेला. पालिकेत यांनी हात वर केला, उभे राहिले, तर अध्यक्ष म्हणाले, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही, लेखी द्या, पुढच्या वेळी बघू. मुंबईच्या एकाही भाषणात पत्रिकेचा उल्लेख नव्हता. ते सगळं मला सांगायला ते घाईने येत होते. पण थोरलीने त्यांना बोलूच दिलं नाही. दंडाला धरून सोबत घेतलं.

डॉक्टर धक्क्याच्या टोकाला दगडावर बसले होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यावर सोडलेले. शेजारी डब्यात दोन बोटभर मासे. आमची फौज पाहून त्यांनी गळ वर घेतला.

"डाक्तरांनू," हे म्हणाले, "आमी लोकांका सांगलेला, मंगळवारी तुमी दवाखान्यात असतलास."

"सांगितलंत तुम्ही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "मला कुणी विचारलं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरंच, सगळ्या वाडीला विचारलं होतं, फक्त त्यांनाच विचारायचं राहिलं होतं.

"बारा वर्षं मी मंगळवारी त्या खुर्चीवर बसून खिडकीतून हा धक्का बघत होतो," ते म्हणाले. "इथे बसणारी माणसं किती सुखी, असं वाटायचं. पडलो तेव्हा पहिला विचार हाच आला, की चला, मंगळवार सुटला."

थोरली पुढे झाली. "डाक्तरांनू, आख्खो मंगळवार गावाचो नाय. आर्दो घेवा."

"पाचला उघडतो."

"तीनाक."

"चार."

"साडेतीन," थोरली म्हणाली, "नि जळलेला, कापलेला माणूस इला तर धक्क्यार घेवन येतलव. मगे मासे रवांदेत."

डॉक्टरांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताच्या डागाकडे. "बरं," ते म्हणाले. मग कानावर फडकं धरलेल्या बाईला खुणेने जवळ बोलावलं, तिला उन्हाकडे कान करून बसवलं आणि तिथेच कान तपासला. म्हणाले, दवाखान्यापेक्षा इथे उजेड चांगला आहे.

त्या दिवसापासून मंगळवारचं तसंच ठरून गेलं. यांनी मग पत्रिका म्हणजे काय, ठराव कसा लिहायचा, कुणाला आधी भेटायचं हे सगळं शिकून घेतलं, आणि बरंचसं डॉक्टरांकडूनच. बारा वर्षं गप्प बसलेल्या माणसाने सगळं नीट ऐकून ठेवलं होतं.

नळ यायला दोन उन्हाळे गेले. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, आणि आमच्या वाडीत विनोद होता, की आधी ते जातात का आधी नळ येतो बघू या. नळ आधी आला. काजूच्या कारखान्याच्या वळणावर बसवला. सकाळी दहाला पालिकेचे अध्यक्ष येऊन तो सोडणार असं ठरलं होतं, आणि हे त्यांना आणायला बाजारात गेले होते. पण पाणी आठलाच आलं. तोटीतून आधी हवा सुटली, मग लाल पाणी, मग स्वच्छ. समारंभासाठी थांबायचं असतं हे बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. अध्यक्ष हार घालून वळणावर पोचले तेव्हा निम्म्या वाडीचे हंडे भरून घरी गेले होते, आणि थोरलीने त्यांना रांगेत मागे उभं राहायला सांगितलं.